फॉर्म कोणाला ओळखतो?

एकेकाळी सरकार भेटायचे ते तलाठ्याच्या टेबलापाशी, तहसील कचेरीच्या खिडकीवर किंवा रेशन दुकानाच्या रांगेत. आता ते मोबाईलच्या पडद्यावर भेटते. शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, आयटीआयचा प्रवेश, पासपोर्ट, लाडक्या बहिणीचा हप्ता, हजचा अर्ज, वक्फ मिळकतीची नोंद, सगळ्यांची वाट कुठल्या ना कुठल्या संकेतस्थळावरून जाते. रांग कमी झाली, दलाली काही प्रमाणात घटली, दुसऱ्या गावाला न जाता काम होऊ लागले. हे बदल चांगलेच आहेत आणि त्यांचे स्वागत करायला हवे.

पण खिडकीवरच्या कारकुनाशी निदान बोलता तरी यायचे. तो चिडला तरी समजावता यायचे, नाही ऐकले तर साहेबाकडे जाता यायचे. फॉर्मशी वाद घालता येत नाही. लाल अक्षरांत 'अवैध माहिती' असे उमटले की संपले. काय अवैध आहे, कुठे आहे, दुरुस्त कसे करायचे, हे विचारायला पलीकडे कोणी नसते. माणूस पाचदा प्रयत्न करतो आणि मग ऑनलाइन सेंटरवाल्याला पैसे देतो, नाहीतर नाद सोडतो.

सरकारने एखादी योजना बंद केली की आपण निवेदने देतो, मोर्चे काढतो. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप २०२२ मध्ये बंद झाली तेव्हा त्यावर संसदेत आणि रस्त्यावर आवाज उठला. पण योजना चालू असूनही केवळ फॉर्म भरता आला नाही म्हणून जी मुलगी शिष्यवृत्तीला मुकते, तिची बातमी कुठेच होत नाही. ती अर्जदारांच्या यादीत नसते आणि नाकारलेल्यांच्या यादीतही नसते. तिची गणतीच होत नाही. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, संकेतस्थळ वापरायला सोपे असणे ही सोयीपुरती बाब राहिलेली नाही, तो नागरिकाच्या हक्काचा भाग झाला आहे. आणि या हक्कासाठी काम करण्याची सर्वात चांगली तयारी आज आपल्याच तरुण पिढीकडे आहे.

नावाचा रकाना

साधी गोष्ट घेऊ. नाव. बहुतेक फॉर्मवर तीन रकाने असतात: पहिले नाव, मधले नाव, आडनाव. तिन्हींपुढे लाल चांदणी, म्हणजे तिन्ही भरणे सक्तीचे. महाराष्ट्रातल्या रूढ पद्धतीला, म्हणजे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव या क्रमाला हे जुळते. बागवान, अत्तार, तांबोळी, मुलाणी, इनामदार, मोमीन अशा घरांचेही यात भागते. पण मराठवाड्यात 'शेख सलीम शेख रशीद' असे नाव सर्रास लावले जाते. इथे शेख पहिले नाव आहे की आडनाव? मधले नाव 'शेख' की 'शेख रशीद'? घरातल्या बाईच्या नावापुढे 'बी', 'बेगम' किंवा 'बानो' असेल तर तो नावाचा भाग की आडनाव? शाळेत मास्तरांनी एक ठरवले, आधारवाल्या मुलाने दुसरे, बँकेने तिसरे.

शिवाय रोमन लिपीतला घोळ वेगळाच. एकट्या 'शेख'चीच इंग्रजी स्पेलिंग तीन-चार प्रकारे होते. 'मोहम्मद'ची तर मोजत बसावी लागतील. माणसाला हे पाहताक्षणी कळते की दोन्ही कागदांवरची व्यक्ती एकच आहे. संगणक मात्र अक्षराला अक्षर लावून पाहतो आणि जुळत नाही म्हणतो. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नाव बदलाची जाहिरात, आधार केंद्राच्या फेऱ्या. त्यात रोजंदारी बुडते आणि तोवर अर्जाची मुदत संपते.

नावातल्या एका अक्षराची भीती आपल्या मोहल्ल्यात उगीच नाही. आसाममधल्या नागरिक नोंदणीची अंतिम यादी ३१ ऑगस्ट २०१९ रोजी लागली आणि १९ लाखांहून अधिक लोक तिच्या बाहेर राहिले. कागदोकागदी नाव वेगळे असणे किती महाग पडू शकते, हे तिथल्या असंख्य हिंदू आणि मुस्लिम कुटुंबांनी सोसले आहे. म्हणून नावाचा रकाना कसा असावा हा प्रश्न क्षुल्लक समजू नये.

आणि यावर उपाय माहीत नाही असेही नाही. ब्रिटिश सरकारच्या 'गव्ह डॉट यूके' या संकेतस्थळाची जी जाहीर नियमावली आहे, तिचा सल्ला असा की, खरोखर गरज नसेल तर नावाचे तुकडे करू नका. 'पूर्ण नाव' असा एकच रकाना द्या आणि जे अक्षर माणूस लिहील ते स्वीकारा. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या आंतरराष्ट्रीय संस्थेनेही जगभरच्या नावांच्या पद्धतींवर मार्गदर्शक टिपण केले आहे. दक्षिण भारतात आडनावाऐवजी आद्याक्षर लावतात, अनेक आदिवासी समूहांत एकच नाव असते. तेव्हा हा केवळ मुसलमानांचा प्रश्न नाही. ज्याच्या नावाची घडण फॉर्म बनवणाऱ्याच्या घरातल्यासारखी नाही, अशा प्रत्येकाचा आहे.

पती किंवा वडील

दुसरे उदाहरण ताजे आहे. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेत दरमहा १५०० रुपये मिळणाऱ्या महिलांना सप्टेंबर २०२५ पासून ई-केवायसी सक्तीची झाली. त्यात महिलेच्या आधारबरोबर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला आणि त्यांच्या मोबाईलवर जाणारा ओटीपीही. हेतू कुटुंबाचे उत्पन्न पडताळण्याचा होता, तो गैर नव्हता. पण ज्या बाईचा नवरा वारला आहे आणि वडीलही हयात नाहीत, जी घटस्फोटित आहे, जिला नवऱ्याने टाकले आहे, तिने त्या रकान्यात काय भरायचे? फॉर्मकडे उत्तर नव्हते. राज्यभरातून तक्रारी आल्या. मग मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली आणि अशा महिलांनी मृत्यू प्रमाणपत्र, घटस्फोटाचे प्रमाणपत्र किंवा न्यायालयाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे जमा करावा, अशी वाट काढली गेली. त्यानंतर ई-केवायसी करताना चुकीचा पर्याय निवडला गेल्यामुळे अनेकींचे हप्ते अडकले आणि पुन्हा अंगणवाडी सेविकांनाच प्रत्यक्ष पडताळणीसाठी पाठवावे लागले. म्हणजे पडद्यावर जे काम पाच मिनिटांत व्हायचे होते ते अखेर पायी फिरून करावे लागले, आणि तेही आधीच कामाने वाकलेल्या बायकांना.

ही दुरुस्ती झाली हे बरे झाले. पण आपल्या समाजातली एक बाई या दुरुस्तीतही मावत नाही. तिची गोष्ट आपणच मांडायला हवी. शायराबानो खटल्यात २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तत्काळ तीन तलाक रद्दबातल ठरवला आणि २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला. आता एखाद्या नवऱ्याने तोंडी तीनदा तलाक म्हणून बायकोला माहेरी सोडले, तर कायद्याच्या नजरेत ती अजून विवाहितच. तिच्याकडे घटस्फोटाचे प्रमाणपत्र नाही, कारण घटस्फोट झालेलाच नाही. न्यायालयाचा आदेश नाही, कारण न्यायालयात जायला पैसा नाही. आणि नवऱ्याचा ओटीपी मिळण्याचा प्रश्नच नाही, कारण तो फोन उचलत नाही. कायदा तिच्या बाजूने उभा आहे, फॉर्म मात्र तिला ओळखतच नाही. 'पतीने सोडलेली, कागद नाही' असा एक पर्याय आणि त्यापुढे ग्रामसेवक, नगरसेवक किंवा अंगणवाडी सेविकेच्या दाखल्याची सोय, एवढे केले असते तरी तिचा मार्ग मोकळा झाला असता. ही टाकलेली बाई केवळ मुस्लिम समाजात आहे असेही नाही. महाराष्ट्रात परित्यक्तांच्या चळवळीने हा प्रश्न धर्माच्या भिंती ओलांडून कधीचाच मांडलेला आहे.

ओटीपीबद्दलही थोडे बोलू. शहरातल्या संगणक अभियंत्याला वाटते की प्रत्येक माणसाचा एक फोन असतो. आपल्या वस्त्यांत एका घरात एकच चांगला फोन असतो आणि तो बहुतेक वेळा पुरुषाच्या खिशात असतो. बाईच्या नावाचे खाते, बाईच्या नावाचा अर्ज, पण किल्ली नवऱ्याच्या किंवा दिराच्या हातात. तो कामावर गेला असेल तर दहा मिनिटांत ओटीपी बाद होतो. सुरक्षिततेसाठी केलेली ही सोय तिच्या दृष्टीने परवानगी मागण्याची आणखी एक जागा होऊन बसते. गव्ह डॉट यूकेने तर घरातल्या हिंसेबद्दल मदत शोधणाऱ्या बायकांसाठी 'हे पान तातडीने बंद करा' असे ठळक बटण तयार केले आहे. ते दाबले की पडद्यावर हवामानाचे किंवा शोधयंत्राचे निरुपद्रवी पान दिसते. फॉर्म बनवणाऱ्याने वापरणारीच्या घराचा विचार केला की असे बटण सुचते.

मुदत, भाषा आणि अक्षरे

वक्फच्या नोंदणीचा अनुभवही आपल्यासमोर आहे. वक्फ मिळकतींचा हिशेब उघड आणि स्वच्छ असावा, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. २०२५ च्या कायद्यानंतर ६ जून २०२५ रोजी 'उम्मीद' हे पोर्टल सुरू झाले आणि सहा महिन्यांत देशभरच्या मिळकती त्यावर चढवायच्या होत्या. कामाची विभागणी मेकर, चेकर आणि अप्रूव्हर अशा तीन पायऱ्यांत. आता खेड्यातल्या दर्ग्याचा वा कब्रस्तानाचा सत्तरीचा मुतवल्ली डोळ्यांसमोर आणा. त्याच्याकडे मोडी किंवा उर्दूत लिहिलेली सनद, फाटका सातबारा आणि मुलाचा जुना मोबाईल. शेवटच्या आठवड्यांत पोर्टल मंदावल्याच्या तक्रारी ठिकठिकाणहून झाल्या. मुदतवाढीस सर्वोच्च न्यायालयाने १ डिसेंबर रोजी नकार दिला आणि ज्यांना अडचण आहे त्यांनी न्यायाधिकरणाकडे जावे असे सांगितले. मुदत सरली तेव्हा सरकारी आकडेवारीनुसार सुमारे ५ लाख १७ हजार मिळकतींची नोंद सुरू झालेली होती आणि त्यांतल्या सुमारे २ लाख १६ हजारांना मंजुरी मिळाली होती. कायद्याबद्दल कोणाचे मत काहीही असो, पारदर्शकता हवी असेल तर नोंद करण्याची वाट नोंद करणाऱ्या माणसाला चालता आली पाहिजे, एवढे तरी मान्य व्हावे.

भाषेचेही असेच. राज्याचा कारभार मराठीतून चालावा असा कायदा १९६४ पासून आहे. पण अनेक पोर्टलांवर 'मराठी' हे बटण दाबले की मथळा तेवढा मराठी होतो, खालचे रकाने आणि चुकीच्या सूचना इंग्रजीच राहतात. जिथे मराठी असते तिथे ती कधी कधी अशी असते की इंग्रजीच बरी वाटावी. 'सादर करा', 'जतन करा' हे ठीक. पण 'आपले अधिप्रमाणन अयशस्वी' याऐवजी 'पासवर्ड चुकला, पुन्हा टाका' असे लिहायला कोणी अडवले आहे? माझी अम्मी चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकली. तिला बातम्या वाचता येतात, औषधाच्या बाटलीवरचे वाचता येते. तिला जे वाक्य कळत नाही ते वाक्य सदोष आहे, तिचे शिक्षण नव्हे.

आणखी एक अडथळा डोळ्यांना दिसत नाही. जुन्या काळात मराठी मजकूर निरनिराळ्या खासगी फॉन्टमध्ये टाईप व्हायचा. तो फॉन्ट तुमच्या संगणकावर नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसे. यूनिकोडने देवनागरीला १९९१ मध्येच जागा दिली. तरीही आज कित्येक शासकीय सूचना कागदावर छापून, त्याचा फोटो काढून, पीडीएफ करून टाकल्या जातात. दृष्टिहीन माणसाचे वाचन करून देणारे स्क्रीन रीडर नावाचे सॉफ्टवेअर अशा पानावर मुके होते. गूगलला तो मजकूर सापडत नाही. मोबाईलवर तो मोठा करून वाचताना ओळ डावीकडून उजवीकडे सरकवत बसावी लागते. नियम छापला, संकेतस्थळावर टाकला, पण लोकांपर्यंत पोहोचला नाही.

हे ज्ञान उपलब्ध आहे

कोणाला वाटेल की हे सारे नशिबाचे खेळ आहेत, संगणक असाच असतो. तसे नाही. वापरायला सोपे कसे करायचे याचे रीतसर शास्त्र गेली कित्येक दशके विकसित झाले आहे. जेकब नील्सन यांनी १९९४ मध्ये दहा कसोट्या मांडल्या, त्या आजही जगभर शिकवल्या जातात. सिस्टीममध्ये आत्ता काय चालले आहे हे माणसाला दिसू द्या. त्याच्या रोजच्या भाषेत बोला. चूक झाली तर मागे फिरायची सोय ठेवा. चूक होण्याआधीच टाळा. झालीच तर साध्या शब्दांत सांगा आणि उपायही सांगा. २००० साली स्टीव्ह क्रुग यांचे छोटेखानी पुस्तक आले, 'डोन्ट मेक मी थिंक'. त्याचा सारा भर यावर आहे की पान पाहताच माणसाला पुढचे पाऊल कळावे, विचार करत थांबावे लागू नये.

डब्ल्यूथ्रीसीने अपंग व्यक्तींना वेब वापरता यावे म्हणून १९९९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांची ताजी आवृत्ती ऑक्टोबर २०२३ ची. त्यात मोजता येतील असे नियम आहेत. साधा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक किमान साडेचारास एक असावा. बटण इतके मोठे असावे की बोट भलतीकडे पडू नये. वेळेची मर्यादा असेल तर ती वाढवून मागता यावी. चूक केवळ लाल रंगाने दाखवू नये, शब्दांत सांगावी. हे नियम अपंगांसाठी केले, पण लाभ सगळ्यांचा होतो. उन्हात उभ्या रिक्षावाल्याला फिकट करडी अक्षरे दिसत नाहीत, मोतीबिंदू झालेल्या आजीला दिसत नाहीत, दहा वर्षांपूर्वीच्या फोनवरही दिसत नाहीत.

पैसा ओतला म्हणजे संकेतस्थळ चांगले होते असेही नाही. अमेरिकेचे आरोग्य विम्याचे 'हेल्थकेअर डॉट गव्ह' हे पोर्टल १ ऑक्टोबर २०१३ रोजी मोठ्या गाजावाजाने उघडले. पहिल्या दिवशी अवघ्या सहा जणांची नोंदणी पुरी झाली, असे पुढे त्यांच्या संसदीय समितीने उघड केलेल्या कागदपत्रांत दिसले. जगातल्या सर्वात श्रीमंत सरकारचे हे हाल झाले, कारण खऱ्या माणसांना खऱ्या घाईत ते आधी वापरून पाहू दिले नव्हते.

आपल्या देशातही नियम आहेत. शासकीय संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मोठा निकाल दिला. अॅसिड हल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या स्त्रिया आणि दृष्टिहीन व्यक्ती बँकेची ई-केवायसी करू शकत नव्हत्या, कारण कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवा अशी अट होती. न्यायालयाने सांगितले की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. फॉर्ममधली एक अट थेट संविधानाच्या कसोटीवर घासली गेली आणि हरली. मला वाटते, येत्या काळातल्या नागरी हक्कांच्या अनेक लढाया याच वाटेने जाणार आहेत.

आपल्या घरातली पाने

आता बोट स्वतःकडे वळवू. आपल्या समाजातल्या ट्रस्टची, शिक्षणसंस्थांची, जमातींची संकेतस्थळे उघडून पाहा. पहिल्या पानावर अध्यक्षांचा फोटो, उपाध्यक्षांचा फोटो, उद्घाटनाची चित्रफीत. देणगीचे बटण मोठे आणि चकचकीत. जकात किती निघते याचे गणितही मिनिटात करून मिळते. पण ज्याला मदत हवी आहे त्याने अर्ज कुठे करायचा? तो शोधावा लागतो. सापडला तर त्याची प्रिंट काढा, पालकांची सही घ्या, दोन प्रतिष्ठित व्यक्तींची शिफारस जोडा आणि पोस्टाने पाठवा. देणाऱ्याला दोन टिचक्या, घेणाऱ्याला दहा खेटे. शेवटची तारीख एका रंगीत पोस्टरमध्ये, तेही गेल्या वर्षीचे.

भाषा उर्दू आणि इंग्रजी. उर्दू आपला वारसा आहे, त्याबद्दल प्रेमच आहे. पण कोकणातला, पश्चिम महाराष्ट्रातला, विदर्भातल्या खेड्यांतला मुस्लिम मुलगा मराठी शाळेत शिकतो, मराठीत विचार करतो. त्याच्यासाठी मराठी पान नसेल तर आपणच त्याला परके करतो. दोन-तीन भाषा ठेवणे अवघडही नाही. प्रत्येक भाषेचे नाव तिच्याच लिपीत लिहावे. भाषा बदलली तर माणूस त्याच पानावर राहावा, पहिल्या पानावर फेकला जाऊ नये. उर्दू मजकुराची दिशा उजवीकडून डावीकडे आहे आणि हा मजकूर मराठीच आहे, हे पानाच्या कोडमध्ये नीट सांगावे. तसे सांगितले तरच स्क्रीन रीडर योग्य उच्चारात वाचतो आणि मराठी 'ल' व 'श' हिंदी वळणाऐवजी आपल्या वळणाने दिसू शकतात. एका ओळीचे काम आहे हे.

इथे दोन आक्षेप येतील. पहिला असा की, घर भाड्याने मिळत नाही, नोकरी मिळत नाही, रस्त्यावर मारहाण होते, अशा वेळी बटणे आणि रकाने काय घेऊन बसलात? मी म्हणेन, हे मोठे प्रश्न सोडून द्या असे कोणीच सांगत नाही. पण शिष्यवृत्ती मिळाली तर मुलगी शिकेल, दाखला मिळाला तर नोकरीचा अर्ज होईल, हप्ता मिळाला तर टाकलेली बाई भावाच्या तोंडाकडे पाहणार नाही. मोठी लढाई लढायला माणसे उभी राहावी लागतात आणि ती अशाच छोट्या आधारांवर उभी राहतात. दुसरा आक्षेप असा की, अटी सैल केल्या तर बोगस अर्ज वाढतील. तपासणी कडक असायलाच हवी. पण अवघड फॉर्मने बोगस माणूस अडत नाही. त्याच्याकडे दलाल असतो. अडतो तो खरा, एकटा, कमी शिकलेला अर्जदार.

आपण काय करू शकतो

तुमच्यातले अनेक जण पुण्यात, हिंजवडीत, नवी मुंबईत, बंगळुरूत सॉफ्टवेअरच्या कंपन्यांत आहेत. काही जण संगणकशास्त्र शिकता आहात, काही जण तालुक्याच्या गावी ऑनलाइन सेंटर चालवता. सेंटरवाल्या मित्रांना तर मी या विषयातले खरे तज्ज्ञ मानतो. कुठला फॉर्म कुठे अडतो, फोटो किती केबीचा लागतो, रात्री किती वाजता सर्व्हर चालतो, हे त्यांच्याइतके मंत्रालयातही कोणाला ठाऊक नसेल. हे ज्ञान तोंडी राहू देऊ नका. तारीख, पोर्टल, रकाना, आलेली सूचना आणि पडद्याचा फोटो, एवढे एका वहीत नोंदवत चला. फोटोतली नावे व आधार क्रमांक मात्र झाकायला विसरू नका. तीन महिन्यांची अशी वही म्हणजे कोणत्याही निवेदनापेक्षा भक्कम पुरावा.

त्या पुराव्याला कायद्याची जोड द्या. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही किंवा नाकारली गेली तर पहिले अपील, दुसरे अपील आणि त्यापुढे आयोगाकडे जाता येते; नाकारण्याचे कारण लेखी द्यावे लागते. माहितीच्या अधिकारात विचारा की अमुक पोर्टलची अपंग व्यक्तींसाठी तपासणी कधी झाली, किती अर्ज अर्ध्यात सुटले, तक्रारींवर काय कारवाई झाली. अर्ध्यात सुटलेल्या अर्जांचा आकडा मागणे विशेष महत्त्वाचे, कारण आपली हरवलेली माणसे त्याच आकड्यात आहेत.

आणि जे स्वतः संकेतस्थळे बनवतात त्यांनी एक चाचणी जरूर करावी. नील्सन यांनीच दाखवून दिले आहे की पाच माणसांना वापरायला दिले तरी बहुतेक मोठे दोष उघडे पडतात. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मोहल्ल्यातले पाच जण घ्या: एक खालाजान, एक दहावीचा मुलगा, एक रिक्षाचालक, एक कमी दिसणारे चाचा, एक नुकतीच लग्न होऊन आलेली मुलगी. प्रत्येकाच्या हातात त्याचाच फोन राहू द्या. एक काम सांगा, 'या पानावरून शिष्यवृत्तीचा अर्ज करा'. मग गप्प बसा. 'इथे दाबा' म्हणायचा मोह आवरा. बोट कुठे थांबते, कपाळाला आठी कुठे पडते, फोन तुमच्याकडे कधी परत येतो, तेवढे लिहून घ्या. जिथे तीन जण अडले तिथे पान बदलायचे, माणूस नाही.

सुरुवात जवळच्या मशिदीच्या ट्रस्टपासून किंवा आपण शिकलो त्या शाळेच्या संकेतस्थळापासून करा. मदतीचा अर्ज पहिल्या पानावर आणा. मराठीत लिहा. पोस्टरमधला मजकूर अक्षरांत टाका. नावासाठी एकच रकाना ठेवा. 'पतीचे नाव' ही सक्ती काढा आणि आईचे नाव लिहायला जागा द्या. महाराष्ट्र सरकारनेही २०२४ मध्ये शासकीय कागदपत्रांवर आईचे नाव लावण्याचा निर्णय घेतलाच आहे. ज्या स्त्रीकडे कागद नाही तिच्यासाठी फोन नंबर द्या, आणि तो फोन उचलणारी शक्यतो एक बाई असू द्या.

ही कामे एका रविवारी दोन-तीन मित्रमैत्रिणी मिळून करू शकतात. केलेत तर त्या पाच माणसांसोबतच्या चाचणीत काय दिसले ते आम्हाला मराठीत किंवा इंग्रजीत लिहून पाठवा, आम्ही ते याच पानांवर छापू. सरकारकडे जाऊन चांगल्या फॉर्मची मागणी करताना आपल्या हातात आपण स्वतः केलेला एक चांगला फॉर्म असेल, तर ती मागणी टाळणे कोणालाही सोपे जाणार नाही.